विश्लेषण : मोटारीच्या भावात शिडाची नौका! पहिली यॉट म्हणून जुनी घ्यावी का?

अमेरिकेच्या किनाऱ्यांवर ४०-५० वर्षे जुन्या, ३० फुटांच्या आसपासच्या शिडाच्या नौका अनेकदा वापरलेल्या मोटारीच्या किमतीत विकायला असतात. आत झोपायला जागा, छोटा ओटा, स्वच्छतागृह आणि इंजिनही. पहिल्यांदाच नौका घेऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्याला याची भुरळ पडणे साहजिक आहे. हा सौदा खोटा नसतो, पण जाहिरातीत लिहिलेली किंमत हा खर्चाचा फक्त पहिला हप्ता असतो. तो नेमका कसा?

या नौका इतक्या स्वस्त का?

मुख्य कारण फायबरग्लास. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून नौका लाकडाऐवजी फायबरग्लासच्या साच्यातून मोठ्या संख्येने निघू लागल्या. फायबरग्लास लाकडासारखे कुजत नाही, त्याला कीड लागत नाही. त्यामुळे नव्या नौका येत राहिल्या आणि जुन्याही टिकून राहिल्या. १९७० च्या दशकाच्या मध्यात कॅलिफोर्नियात बनू लागलेली ‘कॅटलिना ३०’ हे ठळक उदाहरण. या एकाच मॉडेलच्या ६,००० हून अधिक नौका बनल्या. पुरवठा भरपूर आणि सांभाळण्याची तयारी असणारे कमी, म्हणून भाव पडतो.

जुनी म्हणजे कमकुवत का?

नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहेली’वरून. त्यांना ३१२ दिवस लागले. त्या मोहिमेच्या स्मरणार्थ २०१८ पासून होणाऱ्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत ३२ ते ३६ फुटांच्या आणि १९८८ पूर्वी आराखडा झालेल्या नौकांनाच प्रवेश असतो. भारतीय नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या शर्यतीत दुसरे आले, तेही ‘रस्लर ३६’ या जुन्या आराखड्याच्या नौकेवरून. म्हणजे प्रश्न आराखड्याच्या वयाचा नाही. प्रश्न आहे तो तारा, बोल्ट, व्हॉल्व्ह आणि इंजिन यांच्या वयाचा.

मग पैसा जातो कुठे?

नौकेचा देखभाल खर्च वर्षाला तिच्या किमतीच्या १० टक्के धरावा, असा एक ढोबळ ठोकताळा सांगितला जातो. जुन्या नौकेला तो लावणे ही मोठी फसगत आहे. नौकेचा भाव वयाबरोबर उतरतो, सुट्या भागांचा उतरत नाही. १० हजार डॉलरच्या आणि एक लाख डॉलरच्या ३० फुटी नौकेला नवे शीड, नवी डोलकाठीची तार किंवा नवे डिझेल इंजिन जवळपास त्याच दरात घ्यावे लागते. मरिनाचे भाडेही बहुधा फुटांवर ठरते, नौकेच्या वयावर नाही. भाव जुन्याचा आणि खर्च नव्याचा, हे या व्यवहाराचे खरे गणित आहे.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

डेक : फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असते. स्क्रूच्या छिद्रांतून पाणी मुरले की ते आतून कुजते. हातोडीने ठोकल्यावर टणक आवाज आला तर ठीक, बद आवाज आला तर धोका.

तारा आणि पट्ट्या : डोलकाठी उभी धरणाऱ्या स्टीलच्या तारा साधारण १० ते १५ वर्षांनी बदलाव्यात, असा सल्ला दिला जातो. या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात, त्या डेकमधून आत जातात. तिथे ओल असते, पण हवा पोहोचत नाही. अशा जागी स्टेनलेस स्टीलही पोखरले जाते आणि वरून काहीच दिसत नाही.

कील : नौकेला तोलून धरणारे तळाखालचे हे जड पाते. ‘कॅटलिना ३०’ मध्ये कीलच्या सांध्यावर पुढे येणाऱ्या भेगेला ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. कधी ती वरवरची असते, कधी कीलचे बोल्ट सैल झाल्याची खूण असते.

इंजिन : या मॉडेलच्या सुरुवातीच्या अनेक नौकांत पेट्रोल इंजिन होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. इंजिन सुरू करण्यापूर्वी पंख्याने ती बाहेर काढली नाही, तर स्फोट होऊ शकतो.

हे सगळे पाहण्यासाठी नौका क्रेनने पाण्याबाहेर काढून, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या सर्व्हेअरकडून तपासून घ्यावी. जुन्या नौकेचा विमा काढताना अनेक कंपन्या असा अहवाल मागतातच.

थोडी मोठी घेतली तर काय बिघडले?

इथे भूमितीचा हिशेब आडवा येतो. नौका लांब होते तशी ती रुंद आणि खोलही होते. ‘कॅटलिना २२’ चे वजन सुमारे एक टन, तर ‘कॅटलिना ३०’ चे साडेचार टनांहून जास्त. लांबी दीडपटही झाली नाही, पण वजन चौपटीच्या वर गेले. शीड, नांगर, दोर, विंच, तळाला लावायचा रंग असे सगळेच त्या प्रमाणात महागते. वाऱ्यात चुकलेला एक दोर हाताला किती ओढ देईल, हेही यावरच ठरते. २२ फुटी नौका ट्रेलरवर घालून घरी नेता येते. ३० फुटीसाठी मात्र जागेचे भाडे किंवा क्रेन आलीच.

सौदा अंगाशी आला तर?

फायबरग्लास कुजत नाही, हा गुण शेवटी शाप ठरतो. दुरुस्तीला पैसे नाहीत, गिऱ्हाईक मिळत नाही आणि भाडे मात्र चालूच. मग काही मालक नौका खाडीत सोडून देतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याला अशा बेवारस नौका हटवण्यासाठी २००२ मध्ये स्वतंत्र कार्यक्रम सुरू करावा लागला. एका कुटुंबाची फसलेली हौस अशी सरकारी तिजोरीवर आणि पाण्यावर येऊन पडते.

मग घ्यावी की नाही?

घ्यावी, पण उलट्या क्रमाने. आधी एक हंगाम दुसऱ्याच्या नौकेवर हात साफ करावा. मग हातातल्या रकमेचे दोन भाग करावेत : अर्धे खरेदीला, अर्धे पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीला. मनात असेल त्यापेक्षा चार-पाच फूट लहान नौका शोधावी. स्वस्तातल्या मोडक्या नौकेपेक्षा, मालक गेल्या हंगामापर्यंत नियमित चालवत होता ती थोडी महाग नौका निवडावी. आणि फुकट मिळणाऱ्या नौकेला तर सर्वांत आधी नकार द्यावा. तिचा मालक ती फुकट देतो आहे, कारण तिचा पुढचा खर्च त्याने आधीच मोजलेला असतो.