दुःख लिहावे, पण कोणासाठी?

अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात 650 शब्दांपर्यंतचा निबंध लागतो. अडचणीला किंवा अपयशाला कसे तोंड दिले, हा त्यातील एक विषय. मग वडिलांचे निधन, स्वतःचे आजारपण, जे सर्वांत जास्त दुखते, तेच मुले लिहायला बसतात. झोप उडते, अन्न गोड लागत नाही.

लिहिल्याने मन हलके होते, हे खरे. 1986 साली जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे क्लेशदायक अनुभव लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच उदास वाटले. पण पुढील महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मात्र त्या लिखाणावर कोणाचा प्रवेश अवलंबून नव्हता!

म्हणून माझे मत असे, की वह्या दोन असाव्यात. पहिली फक्त स्वतःसाठी. दुसरी अर्जासाठी, तीत घटना दोन-तीन वाक्यांत सांगावी आणि आपण काय केले, हे सविस्तर लिहावे. जखम ताजी असेल तर दुसरा विषय घ्यावा. तशी मुभा असते. गणितात नापास होऊन पुन्हा उभे राहणे हीसुद्धा अडचणच आहे.

पालकांनो, प्रवेशासाठी मुलांना खपली काढायला लावू नका. झोप दोन आठवडे बिघडलेली राहिली, तर डॉक्टरांना भेटा किंवा 'टेली-मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.