पाहुणचाराचे चीज

इंदुरात वाढलेल्या माझ्या पिढीच्या कानांवर ‘चीज’ हा शब्द प्रथम पडला तो गाण्याच्या संदर्भात. उस्ताद अमीर खाँसाहेबांचे हे शहर, आणि कुमारजी शेजारी देवासला. घरातील वडीलधारी मंडळी ‘काय सुरेख चीज मांडली’ असे म्हणत, तेव्हा तिचा दुधाशी काही संबंध असेल अशी शंका कुणाला येत नसे. दुसरे चीज व्हायचे ते कष्टांचे, परीक्षेचा निकाल लागल्यावर. खाण्याचे चीज मात्र मी प्रथम पाहिले ते ऐंशीच्या सुमारास महूला, बाबांच्या एका लष्करी स्नेह्यांच्या बंगल्यावर. टेबलाच्या मध्यभागी चंदेरी कागदात गुंडाळलेला कोबीचा गड्डा होता आणि साळिंदराच्या काट्यांसारख्या दात कोरण्याच्या काड्या त्यात चहूबाजूंनी खोचल्या होत्या. प्रत्येक काडीवर डब्यातील चीजचा चौकोनी तुकडा, अननसाची फोड आणि वर लालभडक चेरी. परतीच्या बसमध्ये आईने बाबांना एकच प्रश्न विचारला, “आणि त्या कोबीचं नंतर काय करतात?”

चीजची चव मला फारशी रुचली नव्हती. लक्षात राहिले ते वेगळेच. त्या घरच्या काकू पूर्ण संध्याकाळ आमच्याबरोबर खुर्चीवर बसून होत्या. आमच्या घरी पाहुणे आले म्हणजे आई दिसे ती दारातून, हातात बशा घेतलेली, आणि लगेच पाठमोरी. त्यामुळे पाहुणे येणे म्हणजे आई नाहीशी होणे, असे समीकरण माझ्या बालमनात पक्के झाले होते.

पुढे मी स्वतः डॉक्टर झाले, संसार थाटला आणि नकळत तशीच नाहीशी होऊ लागले. काही वर्षांपूर्वी एम.जी.एम. वैद्यकीय महाविद्यालयातील माझी एक वर्गमैत्रीण, जी आता परदेशी स्थायिक आहे, दोन दिवसांसाठी इंदुरात आली होती. एका संध्याकाळी ती आमच्याकडे यायची होती. ओपीडी लवकर आटोपून मी घरी आले ती थेट स्वयंपाकघरात शिरले. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याचे वडे, कोथिंबिरीच्या वड्या, आणि सगळे कसे गरमागरम वाढायचे! बाहेर ती माझ्या यजमानांना आमच्या वसतिगृहातील एका फजितीची गोष्ट रंगवून सांगत होती. ती फजिती माझी होती, आणि मी ती तेलाच्या चुरचुराटातून तुकड्यातुकड्यांनी ऐकली. निघताना चपला घालता घालता ती म्हणाली, “वडे फार सुंदर झाले होते गं. पण तू भेटलीच नाहीस.”

त्या रात्री मी ठरविले की यापुढे पाहुणे घरात आल्यानंतर गॅस पेटवायचा नाही. चहा आणि जेवण यांचा अपवाद. प्रश्न होता तो पहिल्या बशीचा, जिच्यासाठी घरातील बाई पहिला दीड तास, म्हणजे गप्पांचा सर्वांत ताजा वेळ, आत घालविते.

सासूबाईंना हे पटणे शक्यच नव्हते. “पाहुण्यापुढे गार बशी ठेवायची? घरात चूल पेटत नाही ती सुतकात. वर्षातून एकदा शीतला सप्तमीला गार खातो, तेवढं पुरे.” त्यांच्या बोलण्यात तथ्य होते, हे मी येथे मान्य करते. आपल्या संस्कृतीत पेटलेली चूल हे घर नांदते असल्याचे लक्षण आहे आणि तव्यावरून थेट पानात आलेला पदार्थ हा ‘तुमच्यासाठी मी वेळ काढला’ असे न बोलता सांगतो. माझा वाद एवढाच, की तो वेळ पाहुण्यासाठी काढलेला असला तरी पाहुण्याबरोबर घालविलेला नसतो.

पहिला प्रयोग मी महूच्या काकूंच्याच वाटेने केला; म्हणजे बाजारातून चीजच्या वड्या आणल्या. पण बालरोगतज्ज्ञाला पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्याची खोड असते. आपण ज्याला सर्रास चीज म्हणतो ते बहुधा प्रक्रिया केलेले चीज असते. 1911 साली स्वित्झर्लंडमध्ये गर्बर आणि श्टेट्लर या दोघांनी ते प्रथम तयार केले, आणि अमेरिकेत 1916 साली क्राफ्ट यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. तयार चीज नुसते वितळविले तर त्यातील स्निग्धांश सुटून वर तरंगतो. तसे होऊ नये म्हणून त्यात सोडियमचे सायट्रेट किंवा फॉस्फेट घालतात. ते केसीनला जखडून असलेले कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम बसविते आणि मिश्रण एकजीव राहते. असे चीज उष्ण हवेतही टिकते, आणि आपल्या देशात ते रुजले याचे हे एक मोठे कारण. आणंदच्या सहकारी दूध संघाने म्हशीच्या दुधापासून चीज करून ते घरोघरी पोहोचविले, हे कामही लहान नव्हे.

परंतु या रीतीने सोडियम दोन दारांनी आत येते, एक मिठाच्या आणि दुसरे या क्षारांच्या. शंभर ग्रॅम प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये साधारणपणे एक ते दीड ग्रॅम सोडियम असते. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा दोन ग्रॅमची, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम मीठ. मुलांसाठी त्याहून कमी. पंचवीस ग्रॅमच्या दोन वड्या, सोबत मूठभर इंदुरी शेव, आणि सहा वर्षांच्या मुलाचा दिवसाचा हिशेब जेवणापूर्वीच आटोपत आला. चीजमध्ये प्रथिने आणि कॅल्शियम भरपूर असते, हे मी नाकारीत नाही. कधीमधी एखादी वडी खाल्ल्याने कुणाचे बिघडत नाही. मात्र ज्या घरी दर शनिवारी चार माणसे येतात, तेथे ‘कधीमधी’ हा शब्द फार दिवस टिकत नाही.

उत्तर माझ्याच घरात, खुंटीला टांगलेले होते. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री सासूबाई पंचात दही बांधीत होत्या. दुधातील साखरेचे जीवाणूंनी आम्ल करायचे, त्या आम्लाने केसीन गोठायचे आणि पाणी निथळून घन भाग उरायचा; याला जगभर ताजे चीज म्हणतात. जर्मनीचे क्वार्क आपल्या चक्क्याचे सख्खे भावंड. लेबनॉन-सिरियाकडे हाच चक्का मीठ घालून, ऑलिव्हचे तेल ओतून न्याहरीला खातात. त्याला लबने म्हणतात. वासराच्या जठरातील रेनेट यात लागत नाही, त्यामुळे शाकाहारी पाहुण्यांपुढे खुलासा करण्याचा प्रसंगही येत नाही. मी हे सांगितल्यावर सासूबाई गाठ आवळीत म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं आम्ही चीजच करत होतो म्हण की!”

आता कृती. वाचकांत निम्मे डॉक्टर असल्याने मात्रेसह लिहिते. घरी उकळलेल्या सायीच्या दुधाचे, आंबट न झालेले एक किलो दही घ्यावे. बाहेरच्या कच्च्या दुधाचे काही करू नये. ब्रुसेला आणि लिस्टेरिया यांची आठवण गर्भवती पाहुणीच्या बाबतीत तरी ठेवावी. पंचा उकळत्या पाण्यातून काढलेला असावा. खुंटीला टांगणे थंडीत ठीक; आपल्या चाळीस अंशांच्या मे महिन्यात मात्र दही पंचासह चाळणीत घालून, खाली पातेले ठेवून, रात्रभर फ्रिजमध्येच निथळू द्यावे. सकाळी साधारण चारशे ग्रॅम चक्का मिळतो. निथळलेले पाणी पोळ्यांची कणीक भिजविण्यास उत्तम.

पाहुणे यायच्या अर्धा तास आधी चक्क्यात अर्धा लहान चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, जाडसर मिरी आणि बारीक चिरलेली कोथिंबीर-पुदिना घालून हलक्या हाताने कालवावे. फार आधी मीठ घातल्यास पाणी सुटते. काकडी किसून मिसळू नये, तेच होते. तिच्या चकत्या कराव्यात आणि प्रत्येकीवर चमचाभर चक्का ठेवावा. खाकराही चालतो. वर जवसाची कोरडी चटणी, किंवा इंदूरकरांच्या घरात हटकून असणारे जीरावन, तेही चिमूटभरच, कारण त्यातही मीठ असते. या हिशेबाने शंभर ग्रॅममागे सोडियम तीनशे-साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास राहते. सोबत पापड भाजण्याचा आणि वरून फोडणी देण्याचा मोह होईल, मला प्रत्येक वेळी होतो. तो आवरावा, नाहीतर गॅस पेटतोच आणि मग तो लवकर विझत नाही. तयार बशी सामान्य हवेत दोन तास, आणि कडक उन्हाळ्यात तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नये.

येथवर आले आहे, तर ज्या गोष्टीसाठी हा लेख प्रामुख्याने लिहावासा वाटला ती सांगते. पाहुण्यांच्या बशा आपण कोठे ठेवतो? टीपॉयवर. टीपॉयची उंची दीड वर्षाच्या मुलाच्या हाताच्या नेमकी खाली येते. मोठी माणसे बोलण्यात रंगलेली असतात आणि मूल वाटीतील मसाला शेंगदाणा उचलते. त्याच्या मागच्या दाढा अजून पुऱ्या आलेल्या नसतात, श्वासनलिका अरुंद असते, आणि तेवढ्यात कुणीतरी त्याला हसविते. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलावर मी दहा दिवस न्यूमोनियाचे उपचार केले. उजव्या बाजूची घरघर हटेना, तेव्हा मी वडिलांना जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो विचारला. ते आठवून म्हणाले, “हो मॅडम, त्या दिवशी घरी पाहुणे होते, आणि याला अचानक ठसका लागला होता.” ब्रॉन्कोस्कोपीत अर्धा शेंगदाणा निघाला. मूल बरे झाले. अचानक ठसका आणि नंतर एकाच बाजूची घरघर, हे मी विद्यार्थ्यांना शिकविते. तरी दहा दिवस माझ्याकडून ते निसटले होते.

तेव्हा चार वर्षांखालील मूल घरात येणार असेल तर शेंगदाणे आणि अख्खे काजू टीपॉयवर नकोतच. द्राक्षे उभी चार फोडी करूनच द्यावीत. चीजचा चौकोनी, चिवट तुकडाही तितकाच धोक्याचा. तो किसून द्यावा. आणि महूच्या कोबीवरील त्या काड्या! तोंडात काडी धरून सोफ्यावरून उडी मारणारे मूल मी पाहिले आहे, येथे तपशील देत नाही. चक्का या बाबतीत निरुपद्रवी आहे. मऊ असतो, पसरता येतो, आणि मीठ घालण्यापूर्वी चमचाभर बाजूला काढला तर लहानग्यालाही मोठ्यांच्या पंक्तीत बसल्याचा आनंद मिळतो. त्याला गोड हवा म्हणून मध घालू नये, वर्षाखालील बाळाला तर मुळीच नाही.

आपल्या व्यावसायिक मेळाव्यांबद्दल मी काय बोलावे? रक्तदाबावरील व्याख्यानानंतर कचोरीसाठी लागणारी रांग आपण सर्वांनी पाहिली आहे, आणि त्या रांगेत मीही उभी राहिले आहे.

तळणाविरुद्ध माझे व्रत वगैरे नाही. डिसेंबरच्या रात्री सराफ्यात गरम गराडू आणि माझा चक्का यांतून एक निवडायला सांगितले तर मी गराडूच निवडीन. घरीही झारा यजमानांच्या हाती असेल तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो. एकदा तसे घडलेही; वडे किंचित कच्चे होते, पण मी बाहेर बसले होते आणि मला ते चविष्ट लागले.

मागल्या हिवाळ्यात ती मैत्रीण पुन्हा आली. बशा आधीच भरून ठेवल्या होत्या. वसतिगृहाची ती गोष्ट तिने पुन्हा सांगायला घेतली, तेव्हा मी तिला तीन ठिकाणी अडविले आणि खरे काय घडले ते सांगितले. सासूबाईही येऊन बसल्या. त्यांच्या माहेरी, धारला, पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर बायकांना कधी नुसता भातच उरायचा, ही हकिगत मी वीस वर्षांत प्रथमच ऐकली. सांगता सांगता त्यांनी काकडीच्या चार चकत्या संपविल्या.

दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडला तेव्हा कळले, की त्यांनी अर्धा चक्का मीठ न घालता, कुणाला न सांगता, वेगळ्या डब्यात झाकून ठेवला होता. शेजारीच वाटीत केशर भिजत घातलेले होते.