सफरीची बॅग

मागच्या सुट्टीत मुरूडला गेलो, तेव्हा आमची लेक दोन्ही दिवस वाळूतच बसून राहिली. भाऊ लाटांत खेळत होते आणि हिच्याजवळ पाण्यात उतरण्याजोगे कपडेच नव्हते. चूक माझी होती. सगळ्यांचा खाऊ भरला, तिचा विचार राहिला.

यंदा बॅगेत सर्वांत आधी तिचा पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा पोहण्याचा पोशाख ठेवला. बुरख्यावर पाण्यात उतरू नये. भिजला की जड होतो, पायांत अडकतो. भरती-ओहोटीची वेळ तिथल्या कोळी बांधवांना विचारूनच उतरावं.

सासूबाईंचं इन्सुलिन गार पिशवीत ठेवा, पण बर्फाला चिकटवू नका आणि गाडीच्या डिकीत तर नकोच. सोबत ओआरएसची पाकिटं, टोप्या, झटकली की वाळू पडेल अशी पातळ जानमाज घ्या. शरई सफर असेल तर जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. अल्लाहने दिलेली ही सवलत आहे.

बॅग बंद करण्यापूर्वी एकदा विचारा, घरातलं कुणी काठावर तर बसून राहणार नाही ना?