दिव्यांगाचा पिन दिव्यांगाकडेच राहू द्या!



‘ओटीपी कुणालाही सांगू नका,’ असं प्रत्येक बँक बजावते. पण ज्या अंध खातेदाराचा फोन बँकेच्या ॲपपुढे मुका होतो, त्याने काय करायचं? तो शेजाऱ्याच्या हातात फोन देतो, पिन सांगतो आणि खात्यात किती शिल्लक आहे तेही त्याच्याच तोंडून ऐकतो. फसवलं गेलं, तर वर ‘पिन सांगितलाच का?’ हा प्रश्न त्यालाच!

दोष तंत्रज्ञानाचा नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायला अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आहे, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर, संगणकावर एनव्हीडीए मोफत मिळतं. ही साधनं मराठीही वाचतात. पण ॲप करणाऱ्याने बटणांना नावंच दिली नसतील, तर फोन नुसता ‘बटण, बटण’ म्हणत राहतो. कॅप्चा चित्रात, परिपत्रक स्कॅन केलेलं, मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये, मग वाचणार काय? कर्णबधिरांना हेल्पलाइनचा नुसता फोन नंबर मिळतो. बोटं गमावलेल्या माणसाकडे यंत्र अंगठ्याचा ठसा मागतं.

ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांचं बँकखातं अडलं, कारण केवायसी म्हणजे ओळख पडताळणीत डोळे मिचकावायचे होते आणि त्यांना ते शक्य नव्हतं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला: डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, कागदावरची केवायसी चालू ठेवा, असे आदेशही निघाले. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर आधीपासून आहेच.

तरीही घाई करायला हवी. रेशनपासून पेन्शनपर्यंत ई-केवायसी येत चालली आहे आणि ती अडली की हक्काचा लाभ अडतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. तेव्हा अपंगत्वाचे प्रकार आठच धरले होते. कायद्यात आज एकवीस आहेत. एवढ्या माणसांना कोर्टात जायला लावायचं का?

म्हणून आमचं कळकळीचं आवाहन:

१. सेवा केंद्रचालकांनो, पिन आणि ओटीपी टाकताना फोन ज्याचा त्याच्या हाती द्या. टॉकबॅक कसा सुरू करायचा ते स्वतः शिका, त्यालाही दाखवा. ठसा किंवा कॅमेरा चालत नसेल तर माणसाला परत पाठवू नका. पर्यायी पद्धतीने अर्ज घ्या.

२. शाळा, सोसायट्या, मंडळांनो, सूचनेचा नुसता फोटो ग्रुपवर टाकू नका. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. व्हिडिओ असेल तर खाली मजकूर द्या.

३. ॲप आणि संकेतस्थळं घडवणाऱ्या मराठी तरुणांनो, स्क्रीन बंद करून, नुसतं ऐकत तुमचं ॲप एकदा चालवून बघा. पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोचता आलं नाही, तर ते ॲप बाजारात आणू नका. दिव्यांगांकडून तपासून घ्या आणि त्या कामाचे पैसे द्या.

४. दिव्यांग बंधुभगिनींनो, अडवणूक झाली की तोंडी बोलून थांबू नका. तारीख, ॲपचं नाव, नेमकं कुठे अडलं हे लिहून तक्रार करा. बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. शासकीय सेवेसाठी पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

५. ग्रामस्थांनो, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्यातून स्मार्टफोन, डेटा आणि ते वापरण्याचं प्रशिक्षण मागा. नुसता फोन वाटून भागणार नाही. शिकवणारा माणूसही हवा. शहरात हीच मागणी नगरसेवकाकडे करा.

पुढची ग्रामसभा चुकवू नका. गावातल्या दिव्यांगांना सोबत न्या, या मागणीचा ठराव त्यांनाच मांडू द्या, तुम्ही अनुमोदन द्या. आणि तो इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय सभेतून उठू नका!