निकालपत्रक म्हणजे इतिहास नव्हे

मोटारसायकलींच्या रस्ता-शर्यतींचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, ते बहुतांशी निकालपत्रकांचे पुनर्लेखन असते. आइल ऑफ मॅनची टीटी शर्यत १९०७ साली सुरू झाली, जोई डनलॉपने ती २६ वेळा जिंकली, २०२४ मध्ये पुतण्या मायकलने तो विक्रम मोडला, झाला इतिहास! आकडे वस्तुनिष्ठ असतात, असे यावर सांगितले जाते. (ग्रंथसूचीलाच वाङ्मयेतिहास मानणाऱ्या आपण फार हसू नये.)

पण आकडे गैरहजेरीचे कारण सांगत नाहीत. १९७२ मध्ये गिल्बर्टो पार्लोटी या मार्गावर मरण पावला आणि दहा वेळा विजेता ठरलेल्या अगोस्तिनीने येथे पुन्हा शर्यत करण्यास नकार दिला. १९६२ मध्ये बेरिल स्वेन ५० सीसी शर्यतीत उतरली, बावीसावी आली. पुढे स्त्री म्हणून तिचा परवानाच काढून घेतला गेला. एकाचा नकार, दुसरीवरची बंदी. पुढच्या वर्षांच्या पत्रकांत मात्र दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या.

आणि इंगे स्टॉल? १९५४ मध्ये टीटीत उतरलेली ही पहिली स्त्री साइडकारमध्ये होती, म्हणून नोंदींत ती 'प्रवासी'. वळणावर अंग बाहेर झोकून गाडी तोलणाऱ्या व्यक्तीला प्रवासी म्हणणारी ही परिभाषा इतिहासकार आजही निमूटपणे वापरतात. १९५८ मध्ये ब्रनो येथील अपघातात चालक द्रिओं आणि ती, दोघेही गेले. मरताना मात्र त्यांच्यात चालक-प्रवासी असा भेद उरला नव्हता.