बोलणी मराठीत, हमी इंग्रजीत

सीमाभागात मराठीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी कचेऱ्या येतात, शेताचे उतारे येतात, बसवरच्या पाट्या आणि शाळा येतात. हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांसाठी भांडणे आपण सोडणार नाही. परंतु ज्या ठिकाणी मराठीला कोणाचीही आडकाठी नाही, जिथे विकणाराही मराठी बोलतो आणि घेणाराही मराठीच बोलतो, तिथे आपण आपल्या भाषेचे काय करतो? जुनी मोटारसायकल विकणाऱ्या कोणत्याही दुकानात अर्धा तास उभे राहावे. भाव मराठीत होतो, चहा मराठीत येतो, शपथाही मराठीत घेतल्या जातात. शेवटी सही मात्र इंग्रजी कागदावर होते, आणि तो कागद दोघांपैकी कोणीही वाचलेला नसतो.

विषय क्षुल्लक वाटेल, पण तो तसा नाही. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांत पाळीवर जाणारा खेड्यातला तरुण बसच्या वेळापत्रकावर नोकरी टिकवू शकत नाही. त्याला गाडी लागतेच. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरात जाते, म्हणून तो जुनी घेतो. तीस-चाळीस हजार रुपये हे त्याच्या घरातले कैक महिन्यांचे साठवण असते, नाहीतर व्याजाने काढलेले असतात. गाडी बसली की नोकरीही बसते.

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला खानापूरकडचा एक मुलगा मध्यंतरी असाच एक कागद घेऊन आला. दुकानदाराने त्याला तोंडी सांगितले होते, "सहा महिन्याची फुल्ल गॅरंटी हाय. न्या की गाडी, काय झालं तर आम्ही कुठं जातोय?" तिसऱ्या महिन्यात इंजिन धूर मारू लागले. मेस्त्रीने बोअर-पिस्टनचे काम सांगितले. दुकानात गेल्यावर दुकानदाराने त्याच्याच सहीचा कागद पुढे केला. त्यात सहा महिने होतेच, पण त्यापुढे तीन हजार किलोमीटरही होते आणि त्यानंतर बारीक अक्षरात तीन इंग्रजी शब्द होते. त्यांचा अर्थ, या दोहोंपैकी जे आधी घडेल ते. खानापूरहून उद्यमबागेला जाऊन येऊन रोज सुमारे पन्नास किलोमीटर होतात. म्हणजे साठ दिवस कामावर गेले की तीन हजार संपले! सहा महिन्यांची हमी साठ फेऱ्यांत सरली होती आणि मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने मोजत बसला होता.

दुकानदार खोटे बोलला काय? आमच्या मते तो अर्धेच बोलला. उरलेले अर्धे कागदावर होते, पण ज्या भाषेत सौदा झाला त्या भाषेत नव्हते.

मुळात आपल्या बोलण्यातच या बाबतीत मोठा घोटाळा आहे. आपण सरसकट 'गॅरंटी' म्हणतो. कायद्यात गॅरंटी म्हणजे जामीनकी, दुसऱ्याने पैसे बुडवले तर मी भरीन असा करार. १८७२ च्या करार कायद्याच्या १२६ व्या कलमात तिची व्याख्या आहे. आपल्याला जे अभिप्रेत असते ती वॉरंटी, म्हणजे हमी. पण कायद्यातली हमीसुद्धा आपण समजतो तेवढी दणकट नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचे १२ वे कलम 'अट' आणि 'हमी' असा भेद करते. अट मोडली तर घेणाऱ्याला सौदा मोडून माल परत करता येतो. हमी मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. 'गॅरंटी आहे' हे ऐकून 'बिघडली तर गाडी परत देऊ' असे धरून चालणाऱ्याने हा भेद लक्षात घ्यावा. गाडी परत घेण्याचे कबूल असेल तर ते कागदावर तसे लिहूनच घेतले पाहिजे.

याच कायद्यात घेणाऱ्याच्या बाजूच्याही काही गोष्टी आहेत. विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे ही अट न लिहिताही गृहीत असते. माल त्या जातीचा म्हणून विकण्याजोगा असला पाहिजे हीसुद्धा अट गृहीत असते, मात्र घेणाऱ्याने माल तपासला असेल तर त्या तपासणीत जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल नंतर बोलता येत नाही. आणि ६२ वे कलम म्हणते की गृहीत धरलेल्या या गोष्टी उभयतांच्या स्पष्ट कराराने बाजूला सारता येतात. जुन्या गाडीच्या कागदावर 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे' या अर्थाचे जे इंग्रजी वाक्य असते ते याचसाठी. ते एक वाक्य तोंडाने दिलेल्या दहा वचनांवर बोळा फिरवू शकते. करार लेखी झाला असेल तर त्याच्या विरुद्ध तोंडी बोलणी पुढे आणता येत नाहीत, हा पुरावा कायद्याचा जुना नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. त्याला अपवाद आहेत, पण ते सिद्ध करता करता गाडी गंजून जायची.

आता या कागदांत साधारणपणे काय असते ते सांगतो. हमी बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्स एवढ्यापुरती असते. क्लच प्लेट, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट, टायर, बॅटरी, केबल, बल्ब हे 'झिजणारे भाग' म्हणून वगळलेले असतात. जुन्या गाडीत आधी बिघडते ते नेमके हेच. इंजिनच्या बाबतीतही सुटे भाग दुकानदाराचे आणि मजुरी आपली, असे कित्येकदा असते. दुरुस्ती त्यांच्याच गॅरेजमध्ये झाली पाहिजे, दुसऱ्या मेस्त्रीने इंजिन खोलले की हमी संपली, हे तर हमखास. निपाणीच्या माणसाची गाडी रात्री यमकनमर्डीजवळ बंद पडली आणि त्याने जवळच्या मेस्त्रीकडून ती उघडून घेतली, की तो मोकळाच झाला. 'मीटरवरील आकड्याची जबाबदारी आमची नाही' हे वाक्यही बहुतेक कागदांत असते. ज्या दुकानदाराची हमी किलोमीटरवर मोजली जाते त्यानेच मीटरची जबाबदारी झटकावी, ही गंमत आमच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. मोफत सर्व्हिसिंग म्हणजे हमी नव्हे, हेही सांगून ठेवतो. ऑईल बदलून गाडी धुऊन देण्याचे ते वचन असते.

कंपनीची हमी शिल्लक आहे असे सांगितले तर सर्व्हिस बुक मागावे. वेळापत्रकाप्रमाणे कंपनीच्या अधिकृत केंद्रात कामे झाली नसतील तर ती हमी कंपनी नाकारू शकते. चेसिस नंबर घेऊन त्या केंद्रात जाऊन विचारावे, दुकानदाराच्या शब्दावर राहू नये.

याहून मोठा प्रश्न हा की, हमी देतो कोण? आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या दुकानांवर 'ऑटो कन्सल्टंट' अशी पाटी असते. कन्सल्टंट म्हणजे सल्लागार. पैसे घेताना तो मालक असतो आणि तक्रार घेऊन गेल्यावर मध्यस्थ होतो, "आम्ही फक्त गाठ घालून दिली" म्हणतो. पावती बहुधा कच्ची असते, किंवा आधीच्या मालकाच्या नावाची असते. यावर एक उपाय झाला आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन खात्याकडून प्राधिकारपत्र घ्यायचे असते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाईन नोंद झाली की कायद्याच्या दृष्टीने तोच त्या गाडीचा मालक मानला जातो. तेव्हा प्राधिकारपत्र आहे का, हा प्रश्न भाव ठरवण्याआधी विचारावा. हमीच्या कागदावर दुकानाचे नाव, पत्ता, शिक्का आणि सही हवी, पावतीवरही तेच नाव हवे. पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

सीमेवर राहणाऱ्यांना आणखी एक पेच असतो. आपल्याकडे कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडच्या गाड्या येतात, गोव्याच्याही येतात. एम एच नऊची गाडी के ए बावीस करायची तर तिकडच्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, इकडची नोंदणी आणि इकडचा कर हे सारे आले. हे कोण करून देणार आणि पैसे कोणाचे, तेही त्याच कागदावर यायला हवे. पूर्वी लोकांना भीती असायची की कोल्हापुरात गाडी घेतली तर भांडायला कोल्हापूरलाच खेटे घालावे लागणार. १९८६ च्या कायद्यात तक्रार बहुतांशी विकणाऱ्याच्या गावी किंवा व्यवहार घडला तिथेच करावी लागे. २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, तेव्हापासून तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे पोटापाण्याचे काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. म्हणजे पलीकडच्या दुकानदाराविरुद्धची तक्रार बेळगावात दाखल होऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मोटारसायकलच्या बाबतीत तरी सीमा थोडी पुसली गेली, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच कायद्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या मोठी उदार आहे. विकणाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला असेल त्यात उणीव निघाली तर तोही दोष. तोंडी सांगितलेलेही त्यात येऊ शकते, पण ते शाबीत कोण करणार? फिरून आपण कागदापाशीच येतो. शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून गाडी घेतली तर या कायद्याचा आधार मिळत नाही, कारण तो विक्रीचा धंदा करणारा नव्हे.

मग हा कागद मराठीत का नको? करार कोणत्या भाषेत असावा याविषयी करार कायद्यात काहीही म्हटलेले नाही. सरकारी परिपत्रकाची वाट पाहायला नको, मोर्चा काढायला नको. गाडी कर्जावर घेतली असेल तर खासगी वित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे की कर्जदाराशी सारा पत्रव्यवहार स्थानिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत करावा. तो हक्क आपल्यापैकी किती जण मागतात? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. दिल्लीने मराठी चालवून घेतली आणि गल्लीतल्या मराठी दुकानदाराने इंग्रजी कागद पुढे करावा, हे आम्हाला समजत नाही.

काही दुकानदार म्हणाले की मराठी कागद पुढे कोर्टकचेरीत चालणार नाही. भाषांतर जोडता येते, भाषेमुळे करार रद्द होत नाही. काहींना वाद नको असतात. त्यांना आमचे सांगणे असे की मराठीखाली कन्नडही छापा. इंग्रजी बारीक अक्षरांनी आमच्या कन्नड बांधवांचीही तेवढीच फसगत होते, आणि त्यांच्या मुलांच्याही गाड्या याच दुकानांतून जातात.

मराठीत हे नेमकेपणाने लिहिता येत नाही, असा आक्षेप एका सुशिक्षित गृहस्थाने घेतला. त्यांच्यासाठी हा मजकूर: 'इंजिन व गिअरबॉक्स यांत बिघाड झाल्यास सुटे भाग व मजुरी या दोन्हींचा खर्च विक्रेता करील. ही हमी गाडी ताब्यात दिल्यापासून ६ महिने, किंवा मीटरवरील आजच्या आकड्यापुढे ३,००० किलोमीटर होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर राहील. दुकानापासून दूर गाडी बंद पडल्यास विक्रेत्याला फोनवर कळवून जवळच्या मेस्त्रीकडून तात्पुरती दुरुस्ती करून घेतल्यास हमी रद्द होणार नाही.' यातले कोणते वाक्य दहावी झालेल्या मुलाला कळणार नाही?

समितीच्या पुढील बैठकीत आम्ही असा एक पानी नमुना ठेवणार आहोत. वर मराठी, खाली कन्नड. झिजणाऱ्या भागांची यादी त्यात नावानिशी आहे, म्हणजे मागाहून तीत भर घालता येऊ नये. मीटरचा आजचा आकडा लिहिण्याची चौकट मुद्दाम मोठी ठेवली आहे, आणि तिच्याशेजारी सही घेणाऱ्याची नव्हे, दुकानदाराची आहे.