‘नाटक करतोय’ म्हणण्याआधी

आनंदाने शाळेत जाणारं चार-पाच वर्षांचं मूल अचानक सकाळी पोट दुखतं म्हणू लागतं, गेटपाशी अम्मीची ओढणी सोडत नाही. आपल्याकडे यावर तीन इलाज ठरलेले आहेत: ‘नाटक करतोय’ म्हणून धपाटा, नजर उतरवणं, किंवा चॉकलेटची लाच. मुलाला मात्र कुणी काही विचारत नाही.

मी मीरा रोडला राहते, मराठी आणि उर्दू शिकवते. माझं म्हणणं सरळ आहे: लहान मुलाची अचानक आलेली भीती ही तक्रार असते. मुलाकडे शब्द नसतात, म्हणून ती पोटदुखी होऊन येते. तक्रारीची चौकशी करायची असते, तक्रारदाराला मारायचं नसतं.

बदलापूर आठवा. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचाराचं प्रकरण उघड झालं. त्यातली एक शाळेला घाबरू लागली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. घरच्यांनी तिला फाजील ठरवलं नाही, म्हणून सत्य बाहेर आलं. पुढे मोठ्यांच्या व्यवस्थेने काय केलं? तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, मग उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. चार वर्षांच्या मुलीने जे सांगितलं ते ऐकायला एवढ्या मोठ्या राज्याला रेल्वे थांबवावी लागली.

प्रत्येक भीतीमागे बदलापूर नसतं. कधी घाणेरडं स्वच्छतागृह असतं, कधी बाईंचा चढा आवाज, कधी व्हॅनमधला दांडगा मुलगा, कधी नावावरून मारलेला टोमणा. आणि कधी भीती शाळेची नसतेच, घर सोडण्याची असते. जानेवारी 2024 मध्ये आपल्या नया नगरात आधी दंगल झाली, मग बुलडोझर आला. ते पाहिलेल्या मुलाला ‘आपण परत येईपर्यंत घर जागेवर असेल ना?’ असं वाटलं, तर त्याला भित्रा कोण म्हणेल?

म्हणून आधी विचारा, पण उलटतपासणी नको. ‘काय झालं?’ला मूल ‘काही नाही’च म्हणतं. त्याला शिक्षक करा, तुम्ही विद्यार्थी व्हा, आणि तो तुमच्याशी कसा वागतो ते बघा. डबा कुठे खातो, बाथरूमला कोण नेतं, शेजारी कोण बसतं, हे गप्पांत काढा. मग शाळेत जा आणि गेल्या महिन्यात काय बदललं ते विचारा: बाई, जागा, मदतनीस, व्हॅन. कारण साधं असेल तर ते दूर करून मुलाला लवकर वर्गात परत न्या. सुट्टी लांबली की भीती वाढते. अत्याचाराची शंका असेल तर मात्र पाठवू नका आणि शाळेशी तडजोडही करू नका. 1098 वर फोन करा, पोलिसांत जा. पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती दडवणं हाच गुन्हा आहे, मग दडवणारे मुख्याध्यापक का असेनात.

माझ्या व्यवसायबंधूंनो, ‘घरी फार लाड झालेत’ हे आपलं आवडतं उत्तर आता पुरे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे. तरी ‘मारल्याशिवाय शिकत नाहीत’ हे वाक्य स्टाफरूममध्ये अजून ऐकू येतं.

आणि आपल्या मोहल्ल्यातल्या थोरांनो, ‘बदनामी होईल’ म्हणून गप्प बसवू नका. तान्ह्या बाळाचं रडणं कानी आलं की प्रेषित नमाज आटोपती घेत, हे आपण जुम्याच्या बयानात अभिमानाने ऐकतो. मग आपल्याच घरात रडणाऱ्या मुलासाठी शाळेची एक घंटा, दुकानाचा एक तास थांबवायला आपल्याला काय होतं?